७ पीआरसीत खरंच किती दम आहे, आणि त्यासाठी जुनी रेम मॅग विकावी का

प्रश्न असा आलाय. कोलोरॅडो स्प्रिंग्सला राहणारा आपला एक मराठी मुलगा, दोन सीझन झाले एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, मागे डोंगर चढतोय, हातात सासऱ्यांनी दिलेली ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, म्हणजे रेम मॅग, जास्त दारूचं काडतूस मारणारी रायफल. आता तो ज्या दुकानात जाईल तिथे काउंटरवाला सांगतो की हे जुनं झालं, ७ पीआरसी, म्हणजे त्याच ७ मिमी मापाच्या नव्या काडतुसाची रायफल, घे. त्याला जाणून घ्यायचंय की या नव्या मॅग्नमचं पोटेन्शियल खरंच एवढं आहे की नुसती हवा केलीय.

माझं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मूळचा गुहागरकडचा, आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतात रानडुकरं यायची म्हणून. दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, आणि एक बार फुकट गेला की दुसरा भरून होईस्तोवर डुक्कर पलीकडच्या गावात पोचलेलं असायचं. त्यामुळे आजोबा वीस-पंचवीस पावलांपलीकडे बार काढायचेच नाहीत. हे मी पुढे कामाला आणणार आहे. इथे अमेरिकेत आल्यावर मी एल्कच्या शिकारीला लागलो, त्याला आता बावीस वर्षं झाली, आणि काडतुसं घरीच भरतो. घरात एक रेम मॅग आहे आणि अडीच वर्षांपासून एक ७ पीआरसी पण आहे, म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

आता मुद्द्याचं. ७ पीआरसी हे काडतूस हॉर्नडी कंपनीने २०२२ मध्ये आणलं. कारखान्याचा भरलेला बार १७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३,००० फुटांनी फेकतो, २४ इंची बॅरलमधून. रेम मॅग १९६२ ची, मॉडेल ७०० रायफलसोबतच आली, वायोमिंगमधला लेस बोमन नावाचा आउटफिटर, म्हणजे शिकाऱ्यांची डोंगरात सोय करणारा, अशा ७ मिमीच्या मागे लागलेला होता आणि रेमिंग्टनने ते उचलून धरलं. त्याच हॉर्नडीचा रेम मॅगसाठीचा डबा घेतलास तर १६२ ग्रेनची गोळी २,९४० ने जाते. आकडे शेजारी ठेवले की तू म्हणशील की हे काय, साठ वर्षांत तेरा ग्रेन आणि साठ फूट? बरोबर आहे, वेगात काही क्रांती झालेली नाही. दोन्हींच्या पोटात दारू पण जवळपास तेवढीच मावते. जो कोणी तुला ७ पीआरसी "जास्त पॉवरफुल" म्हणून विकतोय त्याला स्वतःलाच कळलेलं नाही तो काय विकतोय.

खरी गंमत पुंगळीच्या, म्हणजे दारू मावते त्या धातूच्या नळकांड्याच्या, मापात आहे. रेम मॅगची पुंगळी २.५०० इंच लांब, आणि गोळी बसवून पूर्ण काडतूस ३.२९० इंच. म्हणजे गोळीला पुंगळीबाहेर राहायला मिळते जेमतेम पाऊण इंचाहून थोडी जास्त जागा. पीआरसीची पुंगळी २.२८० आणि पूर्ण काडतूस ३.३४०, म्हणजे बाहेर एक इंचाच्या वर. आता आजकालच्या ज्या लांबुडक्या, टोकदार, हवा कापत जाणाऱ्या गोळ्या आहेत त्या साधारण दीड इंच लांब असतात. रेम मॅगमध्ये ती बसवायला गेलं की अर्धी गोळी आत दारूच्या जागेत घुसते, भरल्या डब्यात वरून आणखी लाडू कोंबावा तसं. पीआरसीमध्ये ती आपल्या जागी नीट बसते. १९६२ मध्ये अशा गोळ्या शिकाऱ्यांच्या खिशात नव्हत्याच, त्यामुळे त्या लोकांचा काही दोष नाही, त्यांनी त्यांच्या काळच्या गोळीसाठी घर बांधलं.

दुसरी गोष्ट ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ. जुन्या रेम मॅग साडेनऊ इंचाला एक फेरा देतात, नंतरच्या बऱ्याच नऊ इंचाला. पीआरसी आठ इंचाला एक. गोळी लांब तेवढी तिला गिरकी जास्त लागते, भोवरा कमी फिरवला की डुलतो ना, तसंच. आणि हे बारीकसारीक आहे असं समजू नकोस, याच एका आकड्याने आख्खी काडतुसं बुडालीयत. १९५५ मध्ये विंचेस्टरने .२४३ आणली आणि रेमिंग्टनने .२४४. जवळपास जुळी भावंडं, उलट पोट .२४४ चं थोडं मोठं. पण रेमिंग्टनने बारा इंचाला एक फेरा ठेवला, त्यांच्या डोक्यात की लोक हलक्या गोळ्यांनी बारकी जनावरं मारतील, आणि विंचेस्टरने दहाला एक ठेवला ज्यात १०० ग्रेनची हरणाची गोळी सरळ जायची. लोकांना एकाच रायफलने दोन्ही कामं हवी होती. .२४३ आजही प्रत्येक खेड्यातल्या दुकानात मिळते, .२४४ ला पुढे पीळ बदलून आणि नाव बदलून ६ मिमी रेमिंग्टन करावं लागलं तरी ती काही सावरली नाही.

तर पीआरसीचं पोटेन्शियल म्हणजे हे: रेम मॅग आज कोऱ्या कागदावर काढली असती तर जशी काढली असती, तशी ती आहे. बस.

आता पट्ट्याबद्दल, कारण तू घरी भरायला शिकतोयस असं लिहिलंयस. रेम मॅगच्या बुडाशी जो कडेने उंचवटा असतो ना, तो ताकदीसाठी आहे असं खूप लोक समजतात, मी पण समजायचो. तो खरं तर १९१२ च्या .३७५ एच अँड एच नावाच्या काडतुसाकडून वारशात आलाय, त्याचे खांदे, म्हणजे पुंगळी निमुळती होते तो भाग, इतके उतरते होते की चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीत, त्याला अडवायला काहीतरी हवं होतं, म्हणून पट्टा. रेम मॅगला चांगले खांदे आहेत, तिला पट्ट्याची गरज नव्हती, पण त्या काळात मॅग्नम म्हणजे पट्टा पाहिजेच, नाहीतर गिऱ्हाईक मॅग्नम मानायचंच नाही. आपल्याकडे लग्नाच्या गाडीला फुलं लावतात तसा प्रकार.

याचा त्रास काय तो माझ्याच टेबलावर झालेला सांगतो. पहिल्या वर्षी मी पुस्तकात सांगितलंय तसं डाय, म्हणजे पुंगळी दाबून परत मापात आणायचा साचा, पार खाली टेकेपर्यंत फिरवून पुंगळ्या साइझ करायचो. पट्ट्यावर अडत असल्यामुळे कारखानेवाले खांद्याकडे चेंबर जरा ढिलं कापतात, मग बार झाला की पुंगळी पुढे ताणली जाते, मी ती परत मागे दाबायचो, परत ताणली जायची. चौथ्या भरणीला एका पुंगळीवर पट्ट्याच्या वर पाव इंचावर एक चकचकीत रेघ दिसली, गोल, अंगठीसारखी. एका म्हाताऱ्या रीलोडरने सांगितलं होतं म्हणून पेपर क्लिप सरळ केली, टोकाला बारीक आकडा वाकवला आणि पुंगळीच्या आतून भिंतीला लावून वर ओढली. गुळगुळीत येता येता खट्कन अडकली. आत चर पडला होता. पाचव्यांदा मारली असती तर पुंगळीचं बूड वेगळं आणि अंग वेगळं, आणि मधून गरम गॅस कुठे जातो ते बघायला माझं तोंड तिथेच. ती आख्खी बॅच, पन्नास पुंगळ्या, पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या.

उपाय सोपा आहे, पट्ट्याला विसरायचं आणि डाय अशी लावायची की खांदा जेमतेम दोन हजारांश इंच मागे जाईल. मग रेम मॅगच्या पुंगळ्या पण सात-आठ वेळा आरामात चालतात. पीआरसीला पट्टाच नाही, तीस अंशाचा खांदा आहे, तो चेंबरमध्ये बसतो आणि विषय संपला. नव्याने भरायला शिकणाऱ्याला पीआरसीत चुकायला जागा कमी आहे हे मी मान्य करतो. मात्र एक लक्षात ठेव, पीआरसीचा कमाल दाब ६५,००० पीएसआय आणि रेम मॅगचा ६१,०००. इथे पुस्तकातल्या वरच्या आकड्यापासून सुरुवात करायची नाही, खालून चढायचं. आणि दोन्ही रायफली घरात असतील तर टेबलावर एका वेळी एकच डबा. ७ मिमी लिहिलेलं बघितलं की हात आपोआप जातो, पुंगळीच्या बुडावरचं नाव वाचायची सवय लाव.

कारखान्याचीच काडतुसं वापरणार असशील तर फरक अजून वेगळा दिसतो. पीआरसीच्या चेंबरचं, आणि त्यापुढे आटे सुरू होतात त्या थ्रोटचं माप नियमातच घट्ट ठेवलंय, गोळी नळीत शिरताना तिला तिरकं व्हायला जागा ठेवलेली नाही. त्यामुळे साध्या, मध्यम किमतीच्या रायफलमधून दुकानातला डबा घेऊन मारला तरी १०० यार्डाला इंच-सव्वा इंचात तीन गोळ्या बसतात, माझी तरी बसवते. माझ्या रेम मॅगला तिच्या पसंतीची गोळी शोधायला मला आख्खा एक उन्हाळा आणि पाच प्रकारचे डबे लागले होते.

आता तुला जे खरं विचारायचंय ते: डोंगरात याने काय फरक पडतो?

मी दोन्हींचं गणित मांडून बघितलं. ५०० यार्डाला, आडवा वारा ताशी १० मैल, पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी साधारण अकरा इंच वाहून जाते आणि रेम मॅगची १६२ ग्रेनची साडेबारा. फरक दीड इंचाच्या आत. दोनशे यार्डाला झीरो केलेलं, म्हणजे तिथे नेम जुळवलेला, असेल तर पाचशेला खाली पडण्यातला फरक दोनेक इंच. एल्कची छाती, जिथे गोळी जायला पाहिजे तो भाग, परातीएवढा असतो. आता वाऱ्याचा तुझा अंदाज पाच मैलांनी चुकला, आणि डोंगरात तो सगळ्यांचाच चुकतो, तर साडेपाच इंच गेले. म्हणजे काडतूस तुला जेवढं मिळवून देतं त्याच्या चौपट तू एका चुकीच्या अंदाजात घालवतोस.

हे मी कागदावरून नाही सांगत. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबर, तिसरा रायफल सीझन, पायाखाली घोट्याएवढा बर्फ. मी घळीच्या एका बाजूला, पलीकडच्या उतारावर एल्कचा नर, रेंजफाइंडरवर ४३० यार्ड. मी बॅगेवर रायफल टेकवली, माझ्या तोंडासमोरचं वाळलेलं गवत एकदम स्तब्ध, पातंसुद्धा हलत नव्हतं. मी वारा शून्य धरला. चाप दाबला तो पण छान दाबला, अजून आठवतो. गोळी लागल्याचा आवाज आला, पण तो बद्द आला, भरल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तो आवाज कुठला असतो ते माहीत होतं. मागे लागली होती, फुप्फुसांच्या मागे. दुर्बिणीतून मान वर केली तेव्हा दिसलं की घळीच्या पलीकडे ॲस्पेनच्या झाडांची उरलीसुरली पानं सगळी एका बाजूला फडफडतायत. वारा घळीतून वाहत होता आणि मी बसलो होतो खडकाच्या आडोशाला. रात्री साडेआठपर्यंत टॉर्च लावून माग काढला, सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, पोटाकडचं बरंचसं मांस वाया गेलेलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर, त्याला रात्रभर तसं ठेवल्याचं मला अजून लागतं. त्या दिवशी माझ्या हातात पीआरसी असती तर गोळी एखाद इंच पुढे लागली असती. तेवढ्याने काहीही बदललं नसतं.

त्यानंतर मी स्वतःला ३५० यार्डाची लक्ष्मणरेषा घातलीय, वारा असेल तर तीनशे. आजोबांची वीस पावलं आणि माझे साडेतीनशे यार्ड, हिशोब तोच. त्या अंतरात रेम मॅग, पीआरसी, अगदी साधी .२७० सुद्धा, जनावराला यातला फरक कळत नाही. कोलोरॅडोत एल्कसाठी कायद्याने काय लागतं बघ: कमीत कमी .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी, आणि १०० यार्डाला १,००० फूट-पौंड ऊर्जा. पीआरसी तिथे तीन हजारांच्या वर असते.

आणि ताकद फुकट येत नाही. साडेआठ पौंडी रायफलमध्ये पीआरसीचा दणका २५ फूट-पौंडांच्या आसपास, त्याच वजनाच्या .३०८ चा पंधरा-सोळा. बेंचवर वीस गोळ्या मारल्यावर खांदा बोलायला लागतो, मग माणूस चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि खापर स्कोपवर फोडतो. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावला की दणका कमी होतो पण शेजारच्याचे कान जातात, रेंजवर लोक उठून दुसरीकडे जाऊन बसतात. जंगलात पण प्लग घालायचेच, तिथे लोक विसरतात आणि नंतर आयुष्यभर कानात किरकिर. बॅरलचं म्हणशील तर एवढी दारू ७ मिमीच्या भोकातून जाळल्यावर हजार ते दीड हजार गोळ्यांनी अचूकपणा ढासळायला लागतो, दोन्हींचा. शिकाऱ्याला तेवढ्या मारायला पंधरा वर्षं लागतात, टार्गेटवाल्याला दोन.

टिकेल का हे काडतूस? हा प्रश्न पोटेन्शियलपेक्षा मोठा आहे. चांगलं काडतूस टिकतंच असं काही नाही. २००३ च्या सुमारास विंचेस्टरने डब्ल्यूएसएसएम म्हणून बुटकी, जाडी काडतुसं काढली होती, वेग झकास, आज ज्यांच्याकडे ती रायफल आहे ते लोक डबे शोधत फिरतात. .२६४ विंचेस्टर मॅग्नम तर १९५८ ची, बॅरल खाते म्हणून बदनाम झाली आणि चार वर्षांत रेम मॅगच आली तिच्या ताटातलं ओढायला. पीआरसीबद्दल मात्र मला काळजी वाटत नाही. ती सामीच्या, म्हणजे काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन उद्योगसंस्थेच्या, नियमात बसवून, सगळ्यांना मोकळी करून आणली, त्यामुळे बऱ्याच कंपन्या रायफली करतायत आणि डबे पण एकाच कंपनीचे नाहीत. फेडरलने २०२५ मध्ये ७ मिमी बॅककंट्री आणलीय, पितळेऐवजी पोलादी मिश्रधातूची पुंगळी, ८०,००० पीएसआय दाब, २० इंची आखूड बॅरलमधून १७० ग्रेनची गोळी ३,००० ने. कागदावर ते जास्त नवीन आहे, पीआरसी त्याच्यापुढे जुन्या वळणाची वाटते. पण ते दोन-चार सीझन वापरून, भरून बघितल्याशिवाय मी कोणाला घे म्हणणार नाही, मी स्वतः घेतलेलं नाही. डोंगरात, शेवटच्या गावातल्या पेट्रोल पंपाच्या दुकानात, तुझा डबा विमानात हरवलाय अशा वेळी काय मिळतं ते बघ. तिथे अजून रेम मॅग मिळते. पीआरसी आता आता दिसायला लागलीय, बॅककंट्री नाही.

तेव्हा तुझ्यासाठी काय? रायफल मुळीच नसती आणि ७ मिमी मॅग्नमच हवी असती, तर डोळे झाकून पीआरसी घे म्हटलं असतं, २४ इंची बॅरल, ब्रेकसाठी आटे असलेली. पण तुझ्याकडे चालती रेम मॅग आहे, ती पण सासऱ्यांची. ती विकून घरात काय होईल ते तू बघ, तो माझा विषय नाही. ट्विस्ट मोजून घे, क्लिनिंग रॉडला घट्ट पॅच लावून आत ढकल आणि रॉडवर खूण करून एक फेरा किती इंचात होतो ते बघ, पाच मिनिटांचं काम आहे. नऊ किंवा साडेनऊ आला तर १६० ते १६२ ग्रेनच्या गोळीवर थांब, १८० च्या मागे लागू नकोस. पुढेमागे बॅरल संपलं तर त्याच ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट असलेल्या मधल्या सांगाड्यावर, पीआरसीचं बॅरल बसवता येतं, बोल्टचं तोंड दोन्हींना तेच चालतं, फक्त मॅगझिनची लांबी एखाद्या चांगल्या गनस्मिथला आधी मोजायला सांग. नव्या रायफलचे जे हजार-बाराशे डॉलर वाचतील त्यात वीसच्या डब्याला साठ-सत्तर धरले तरी पंधरा-सोळा डबे येतात. ते बसून, गुडघ्यावर, बॅगेवर, धाप लागलेली असताना मार. बेंचवर नको, बेंच डोंगरात कोणी नेत नाही.

अजून एक, हे तुला नाही तर इथे वाचणाऱ्या बाकीच्यांना. व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना तो प्रश्न येत नाही. मित्राची रायफल "जरा धरून बघतो" म्हणण्याआधी हे वकिलाकडून समजून घ्या. आणि भारतातून जे मला मेसेज करून विचारतात की तिकडे हे काडतूस चालेल का, त्यांना सांगतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिकडे शिकारच बंद आहे, तेव्हा तो विषय सोडा.

पुढच्या महिन्यात रविवारी मी रेंजवर दोन्ही रायफली घेऊन जाणार आहे, ४०० यार्डाला लोखंडी पत्रा टांगलेला असतो. ये, दोन्ही मारून बघ, कुठली कुठली ते न सांगता देतो हातात. पीआरसीची काडतुसं मात्र तुझी तू आण.